आजचे मनन : उपेक्षेचा गाळ

शास्त्रवाचन : इब्री लोकांस पत्र २:१-३, नीतिसूत्रे २४:३०-३४, उत्पत्ती २६:१२-२५



गेले काही दिवस आपण इब्री लोकांस पत्र वाचतो आहोत. पहिला अध्याय बऱ्याच जणांना आवडला. पुत्राचा महिमा, देवदूतांपेक्षा तो किती श्रेष्ठ, हे वाचताना मन भरून येतं. दुसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला मात्र लेखक एकदम थांबतो आणि वाचणाऱ्यांकडे वळतो. जे ऐकलं आहे त्याकडे अधिक लक्ष द्यायला हवं, नाहीतर आपण त्यापासून वाहवत जाऊ, असं तो सांगतो. मग एक प्रश्न विचारतो: एवढ्या मोठ्या तारणाची हयगय करणाऱ्यांची सुटका व्हायची कशी? या प्रश्नाचं उत्तर त्याने दिलेलं नाही. मला वाटतं, मुद्दामच दिलेलं नाही.

यातले दोन शब्द आज नीट बघू. पहिला, वाहवत जाणं. मूळ ग्रीक शब्द आहे पारारेओ, म्हणजे बाजूने वाहून जाणं, निसटणं. धक्क्याला नीट न बांधलेली नाव जशी जाते तसं. तिला कोणी ढकलत नाही, वादळही नसतं. नावेतल्या माणसाला तर आपण हललोय हेसुद्धा कळत नाही, कारण त्याच्याभोवतीचं पाणी त्याच्याबरोबरच चाललेलं असतं. काठावर उभा असलेल्यालाच ते दिसतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा शब्द, हयगय करणं. ग्रीकमध्ये आमेलेओ. हाच शब्द प्रभू येशूच्या दाखल्यात मत्तय २२:५ मध्ये येतो. राजाने मुलाच्या लग्नाचं आमंत्रण पाठवलं आणि लोकांनी त्याची पर्वा केली नाही. कुठे गेले ते? एक आपल्या शेतात, दुसरा आपल्या व्यापाराला. दारूच्या गुत्त्यावर नाही, चोरी करायला नाही. सकाळी उठून कामाला गेले, जसे तुम्ही-आम्ही जातो. (त्याच दाखल्यात चाकरांना मारणारेही आहेत, पण ते वेगळे लोक. हे दोघे सज्जन होते.)

आणि हे पत्र कोणाला लिहिलं आहे? नव्या विश्वासणाऱ्यांना नाही. पाचव्या अध्यायात लेखक म्हणतो की एवढ्यात तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं, पण तुम्हाला अजून पहिले धडेच पुन्हा शिकवावे लागतात. दहाव्या अध्यायात आणखी एक गोष्ट कळते, आणि मला ती सगळ्यात जास्त बोचते. याच लोकांनी पूर्वी छळ सोसला होता. मालमत्ता लुटली गेली तेव्हा ती त्यांनी आनंदाने जाऊ दिली होती. म्हणजे छळात जे टिकले, ते शांततेच्या काळात सैल पडले. एकत्र जमणं सोडून देण्याची काहींना सवय लागली होती, असंही त्याच अध्यायात आहे. सवय हा शब्द बघा. ठरवून कोणी मंडळी सोडली नव्हती.

हे वाचताना मला बोदलकसा आठवतं. तुमच्यातल्या पुण्या-मुंबईच्या मुलांनी नाव ऐकलं नसेल. गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यात, टेकड्यांच्या कुशीत एक मोठा तलाव आहे. इंग्रजांच्या काळात बांधलेलं मातीचं धरण, शंभर वर्षांहून जुनं. जवळच नागझिऱ्याचं जंगल. हिवाळ्यात पाण्यावर पक्षी उतरतात आणि संध्याकाळी पलीकडच्या टेकड्या पाण्यात दिसतात. आमच्या तरुण संघाचं शिबिर तिकडे गेलं होतं तेव्हा सकाळच्या प्रार्थनेनंतर आम्ही पाळीवरून चालत होतो. तिकडे तलावाच्या बांधाला पाळ म्हणतात. एक म्हातारे काका वाटेत भेटले. ते गुरं घेऊन चालले होते. चालता चालता वाकायचे, उगवलेलं एखादं रोपटं उपटायचे आणि फेकून द्यायचे. आमच्यातल्या एकाने विचारलं, काका, झाडं लावायची सोडून तुम्ही उपटताय का? ते हसले. म्हणाले, "पाळीवर झाड होऊ द्याचं नाही जी. लहान हाये तोवर दोन बोटानं निंघते. मोठं झालं का मंग ठेवलं तरी वांधा, तोडलं तरी वांधा."

तेव्हा मला हे पूर्ण कळलं नव्हतं. नंतर एका इंजिनियर भावाने समजावलं. मातीच्या बांधावर झाड मोठं झालं की त्याची मुळं बांधाच्या पोटात शिरतात. झाड ठेवलं तर मुळांच्या कडेने पाणी झिरपतं. आणि तोडलं तर मुळं आत कुजतात आणि तिथे नळीसारखी पोकळी राहते, त्यातून पाणी वाट काढतं. थेंब थेंब पाणी येतं, सोबत माती आणतं, भोक मोठं होतं. बाहेरून बघणाऱ्याला मात्र पाळीवर सुंदर हिरवं झाड दिसत असतं. फोटो काढण्यासारखं!

बोदलकसा हा सरकारी पाटबंधाऱ्याचा तलाव. पण त्या भागात, म्हणजे गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीत, त्याहून जुने हजारो तलाव आहेत. कोहळी समाजाचे लोक तलाव बांधण्यात निष्णात होते. नवेगावबांधचा प्रचंड तलाव कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं सांगतात. मालगुजारीच्या काळात हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात होते आणि त्यांची देखभाल गावच करायचं. पाळ दुरुस्त करणं, सांडवा मोकळा ठेवणं, उन्हाळ्यात पाणी आटलं की गाळ काढून शेतात टाकणं. मालगुजारी काही रामराज्य नव्हतं, त्यात वेठबिगारीही होती, ते मी गोड करून सांगत नाही. १९५०-५१ मध्ये कायद्याने मालगुजारी गेली, ते बरंच झालं. तलाव सरकारजमा झाले. त्यांना आता माजी मालगुजारी तलाव म्हणतात, बोलताना नुसतं मामा तलाव.

पुढे काय झालं ते आपल्या विषयाचं आहे. तलाव कोणी फोडले नाहीत. कोणी त्यांत विष टाकलं नाही. फक्त, गावाला वाटलं आता सरकार बघेल, आणि सरकारकडे एवढ्या तलावांना पुरेल एवढा माणूस आणि पैसा नव्हता. दरवर्षी पावसाबरोबर माती येत राहिली. एका पावसाने किती गाळ येतो? डोळ्यांना दिसणारही नाही एवढा. पण कितीतरी तलाव असे झाले की कागदावरची पाणी साठवण्याची क्षमता वेगळी आणि प्रत्यक्षातली वेगळी. काठावर बेशरम माजली. ही तीच जांभळ्या फुलांची झुडपं. नाव किती नेमकं आहे बघा. तोडून टाकलेल्या फांदीलाही पुन्हा मुळं फुटतात. पावसाळ्यात असा तलाव भरलेला दिसतो, काठोकाठ. जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी धानाला पाणी सोडायची वेळ आली की कळतं, वर वीतभर पाणी होतं आणि खाली सगळा गाळ.

रविवारी आपण सगळेच भरलेले दिसतो. गाणी येतात, हात वर होतात, आमेन वेळेवर निघतं. मंगळवारी रात्री अकरा वाजता घरी वाद झाला, किंवा ऑफिसात खोटं बिल लावायचा दबाव आला, की किती पाणी आहे ते कळतं.

आता नीतिसूत्रे २४ उघडा. शलमोनाच्या काळापासून हे चित्र तिथे आहे. एक माणूस आळशाच्या शेताजवळून चाललाय. काटे उगवलेत, खाजकुइली माजलीय, दगडी कुंपण कोसळलंय. यहूदियाच्या डोंगराळ भागात शेताला चुन्याशिवाय रचलेल्या दगडांचं कुंपण असायचं. ते दरवर्षी पावसाने ढासळायचं आणि दरवर्षी चार दगड उचलून पुन्हा लावावे लागायचे. या शेतकऱ्याने काय गुन्हा केला? थोडी झोप, थोडी डुलकी, थोडा वेळ हात जोडून बसणं. सगळीकडे थोडं. आणि दारिद्र्य मात्र हत्यारबंद माणसासारखं एकदम दारात उभं राहतं. थोडं थोडं जातं, पण एकदम कळतं.

याचं भयंकर रूप महाराष्ट्राने पाहिलं आहे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि खालच्या वाडीतली माणसं झोपेत वाहून गेली. धरण गळतंय अशा तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर एका मंत्र्यांनी सांगितलं की खेकड्यांनी धरण पोखरलं. त्यावर खूप विनोद झाले, पण ज्यांची माणसं गेली त्यांना त्यात हसण्यासारखं काय होतं? मी त्या प्रकरणाचा न्याय करायला बसलेली नाही. पण हे वाचलं तेव्हा मनात आलं की आपल्यापैकी प्रत्येकाकडे असे खेकडे असतात. शिफ्ट. लोकलची गर्दी. स्पर्धा परीक्षा. पास्टरांचं लांबलेलं उपदेश. मंडळीतलं राजकारण. खेकडे खरेच असतात, मी नाकारत नाही. पण गळती कधी सुरू झाली आणि कोणाकोणाला दिसली होती, हा प्रश्न खेकड्यांनी सुटत नाही.

या आठवड्यात एका बहिणीने मला लिहिलं. पुण्यात नोकरी करते, रात्रपाळी असते. तिच्या परवानगीने, नाव न देता सांगते. ती म्हणते, "ताई, मी काही वाईट मार्गाला लागलेली नाही. पण दोन वर्षं बायबल उघडलं नाही. आधी वाईट वाटायचं. आता काहीच वाटत नाही, आणि त्याचीच भीती वाटते. मी अजून देवाची आहे का?"

मी तिला जे उत्तर दिलं ते इथेही लिहिते, कारण असेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत बऱ्याच जणांचे आहेत.

आधी एक भेद करू. थकणं वेगळं आणि हयगय वेगळी. १ राजे १९ मध्ये एलीया झुडपाखाली पडलाय आणि मरण मागतोय. देवाने त्याला रागावलं नाही, उपदेशही केला नाही. झोपू दिलं, दूताकरवी भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं. बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर. म्हणून बहिणी, तू आधी मला सांग, तुझी झोप किती होते? घरात कोणी आजारी आहे का? मन सतत उदास राहतं का? तसं असेल तर डॉक्टरांना दाखव, त्यात विश्वासाची कमतरता नाही. नैराश्यातल्या माणसाला कोमट म्हणून हिणवणारे लोक आपल्या मंडळ्यांत आहेत. ते लावदिकीयाच्या मंडळीचं पत्र वाचून दाखवतात. मला ते मुळीच पटत नाही. प्रकटीकरण ३ मधली लावदिकीयाची मंडळी थकलेली नव्हती, ती खूश होती. श्रीमंत शहर, पेढ्यांचं, लोकरीचं, डोळ्यांच्या औषधाचं. इसवी सन ६० च्या भूकंपानंतर रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने उभं राहिलेलं. आम्हाला कशाची गरज नाही, हा त्यांचा रोग होता. ज्याला आपल्या रिकामपणाची भीती वाटते त्याचा तो रोग नव्हे.

पण झोप पूर्ण होत असेल, जेवण वेळेवर असेल, सिरीज बघायला दोन तास मिळत असतील आणि तरी दोन वर्षं शास्त्र उघडलं नसेल, तर मग ती हयगय आहे, आणि मी तिला दुसरं नाव देणार नाही. इब्री २ चा इशारा खोटा नाही. तो घाबरवण्यासाठी आहे, जसा फाटकावरचा लाल दिवा असतो. तुला भीती वाटते म्हणजे तो दिवा तुला दिसतोय. हे मी तुला बरं वाटावं म्हणून म्हणत नाही. दिवा दिसला की थांबायचं असतं.

आणि ही गोष्ट फक्त आळशी लोकांची आहे असं समजू नका. पंडिता रमाबाईंकडे बघा. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केलं. विधवांसाठी एवढं काम, भारतात आणि परदेशात एवढं नाव. अशा बाईला कोण हयगयी म्हणेल? पण त्यांनी स्वतःच पुढे आपल्या साक्षीत लिहिलं की त्या वर्षांत त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त मिळाला नव्हता. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, हे त्यांच्या ध्यानात आलं. निमित्त झालं विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मचरित्र. हा पाळक स्वतःच्याच उपदेशाने, व्यासपीठावर उभा असताना पालटला होता. पाळक असून! रमाबाईंनी ते वाचलं आणि स्वतःला विचारलं की माझं काय.

मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांनी सदन बंद केलं नाही, साधना करायला डोंगरात गेल्या नाहीत. काम तेच राहिलं. पाणी बदललं. दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली केडगावला नेल्या त्या यानंतर, १८९७ मध्ये. आणि १९०५ मध्ये मुक्ती सदनात जे संजीवन आलं, ते अचानक आलं असं आपण सांगतो. पण त्याच्या आधी जानेवारीपासून सत्तरेक मुली रोज जमून प्रार्थना करत होत्या, आणि जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेपर्यंत गेली होती. सहा महिने, रोज. हे कोणी फारसं सांगत नाही, कारण सांगायला ते रंजक नाही.

आता रेल्वेची गोष्ट. बोदलकशाला जायचं तर तिरोडा स्टेशनला उतरतात. नागपूर, तिरोडा, गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव, हा तो जुना मार्ग. १८९३ साली याच मार्गावर नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत नारायण वामन टिळक बसले होते. समोर एक अनोळखी परदेशी गृहस्थ. संस्कृत काव्यावर बोलणं सुरू झालं, मग धर्मावर. निघताना त्या गृहस्थाने त्यांच्या हातात नवा करार दिला आणि तो वाचण्याचं वचन घेतलं. दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असंही तो म्हणाला म्हणे. टिळकांनी वचन पाळलं, पण कसं? खुणा करत वाचायचं, असं ठरवून. खुणा करत करत डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथे अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

मी गोंदियाकडे जाताना त्या खिडकीतून बघते तेव्हा एकच विचार येतो. ज्याला नवा करार पटत नव्हता तो तो वाचत होता, आणि ज्यांच्या फोनमध्ये मराठी, इंग्रजी, हिंदी तिन्ही आहेत ते आपण अॅपची सूचना बाजूला सारतो. पिकतं तिथे विकत नाही, ते हे असं. आणि टिळक बाप्तिस्मा घेऊन स्वस्थ बसले असंही नाही. बावीस वर्षांनी, १९१७ मध्ये, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा होती. ते बरोबर होतं की नाही यावर तेव्हाही वाद होता, आजही घालता येईल. पण आता पुरे झालं असं त्यांना त्या वयातही वाटलं नाही, आणि दोनच वर्षांनी ते प्रभूकडे गेले.

मग करायचं काय? उत्पत्ती २६ बघा. अब्राहामाने खणलेल्या विहिरी त्याच्या मृत्यूनंतर पलिष्ट्यांनी मातीने बुजवून टाकल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा खणल्या. १८ वं वचन सावकाश वाचा: बापाने दिलेली नावंच त्याने त्यांना पुन्हा दिली. पाणी कुठे गेलं नव्हतं. माती काढायची होती. तुमच्या आधीच्या विहिरी कोणत्या? संडे स्कूलमध्ये पाठ केलेली वचनं असतील. पहाटे आजी स्वयंपाकघरात गुडघे टेकायची तो आवाज असेल. अमुक शिबिरात अमुक अध्याय वाचताना तुम्ही रडला होतात, तो अध्याय असेल. नवी वाचन योजना, नवी जाड डायरी, एका वर्षात संपूर्ण बायबल, यातलं काही मी तुम्हाला सुचवत नाही. ज्याने दोन वर्षं उघडलं नाही त्याला लेवीयाच्या अकराव्या अध्यायापाशी दम लागतो आणि मग तो आणखी एक वर्ष उघडत नाही. तुमची जुनी विहीर शोधा आणि तिथे एक घमेलं माती काढा. दहा वचनं. मोठ्याने वाचा. रात्रपाळी असेल तर सकाळी सहाचा आग्रह कशाला? घरी आल्यावर, चहा ठेवलाय तेवढ्या वेळात वाचा.

लेवीय ६ मध्ये वेदीवरच्या अग्नीचा नियम आहे. अग्नी कधी विझू द्यायचा नाही, म्हणून याजकाने रोज सकाळी लाकूड घालायचं. ते आपल्याला माहीत असतं. पण त्याच्या आधीचं वाचलंय? आधी राख काढायची. कपडे बदलून ती छावणीबाहेर नेऊन टाकायची. कालच्या होमाची राख, म्हणजे पवित्रच ती, पण तिच्यावर आजचं लाकूड पेटत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या शिबिराच्या साक्षीवर जगणाऱ्या आपल्या काही भावांना मला हे एकदा प्रेमाने सांगायचं आहे.

आणि नावेचा मुद्दा, जो लक्षात ठेवा म्हटलं होतं. इब्री ३:१३ मध्ये एकमेकांना रोज बोध करायला सांगितलंय, कारण आपण सरकतोय हे आपल्याला आतून दिसत नाही. ऑनलाइन उपासना बघणाऱ्यांनो, मी तिच्या विरोधात नाही. आजारी माणसाला आणि परगावच्या माणसाला ती वरदान आहे. पण पडद्यावर तुम्ही पाळकांना बघता, पाळक तुम्हाला बघत नाहीत. काठावर उभं राहून "अरे, तू सरकतोयस" म्हणणारा एक माणूस तरी हवा. त्या बहिणीला मी हेच सांगितलं. पूर्ण मंडळी नको, युवा सभा नको, पहिल्या महिन्यात एकच जण. जिला तू खरं सांगू शकशील अशी एक मैत्रीण किंवा एखादी काकू. दर शनिवारी तिला एक फोन, आणि तिने विचारायचं, आठवडा कसा गेला? तू "ठीक" म्हणालीस तर तिने परत विचारायचं.

तिने अजून कळवलेलं नाही. तिच्यासाठी प्रार्थना करा.

एक शेवटचं, बोदलकशाच्या काकांकडून ऐकलेलं. कोणीतरी त्यांना विचारलं, गाळ काढायचा कधी? ते म्हणाले, उन्हाळ्यात, तलाव सुकते तवा. भरल्या तलावात गाळ दिसत नाही आणि काढताही येत नाही. मृगाचा पाऊस यायच्या आत आटपायचं. ज्यांना आज आतून कोरडं वाटतंय त्यांनी हे जरा मनात घोळवा. तुमचा तळ आत्ता उघडा पडलाय. काय काय साचलंय ते आत्ता दिसेल. कोणाशी धरलेला अबोला असेल, एखादं अॅप असेल, एखादं नातं असेल, किंवा प्रार्थना ऐकली गेली नाही म्हणून देवावर धरलेला जुना राग असेल. कागदावर लिहा, एका ओळीत एक. देवासमोर वाचा. राग असेल तर रागही वाचा, स्तोत्रकर्त्यांनी याहून कडक बोलून ठेवलंय.

उद्याचं वाचन : हाग्गय, अध्याय १. फक्त पंधरा वचनं आहेत. मंदिराचा पाया घालून सोळाएक वर्षं काम थांबलेलं होतं, आणि लोक म्हणत होते की अजून वेळ आलेली नाही. वाचताना त्यांच्या स्वतःच्या घरांना काय लावलेलं होतं तेवढं शोधून ठेवा. उद्या तिथूनच सुरुवात करू.